शेळी घरी येते ते पान

तुमच्या तेराव्याची पंगत उठली आणि ओसरीवर माणसं तुमचे गुण सांगत बसली. मी आत भांड्यांशी होते. भिंतीआडून सगळं ऐकू येत होतं. एक म्हणाला, बैलाला कधी पराणी टोचली नाही. दुसरा म्हणाला, बापाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्यानं तुमची उर्दू काढली. परभणीच्या सरकारी मदरशात शिकलेला माणूस, तहसिलीत गेला तर साहेब बसायला सांगायचे, पण कधी तोरा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, सुपारी कातरली आणि घरी गेले. तुम्ही आपल्या तान्ह्या गोदीला पुस्तक वाचून दाखवायचात, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. तुम्ही होतात तेव्हा ह्याच ओसरीवर बसून त्यावरून दात काढत होते. मेल्या माणसाची अब्रू झाकावी तसं त्यांनी ते झाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हणून लिहायला बसले. तुम्हीच म्हणायचात, "तोंडानं भांडतीस तसं एकदा कागदावर भांड, लय मजा येईल वाचाया." मग घ्या. आता वाचायला तुम्ही नाही, हा दोष तुमचा.

आपल्या घरची रीत तुम्हाला काय सांगायची. पण गोदी मोठी होऊन हे वाचेल, आणि तिला सांगितल्याशिवाय खरं वाटायचं नाही. गोदी, तुझ्या बापाला तुला उचलून घेता येत नव्हतं. हात धडधाकट होते. पण घरात त्याचे वडील होते, आणि वडिलांच्या देखत आपलं लेकरू उचलणं, त्याच्याशी लाडानं बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. लेकरू पाळण्यात रडून काळंनिळं झालं तरी बापानं शेजारून निघून जायचं, आणि फार तर म्हणायचं, "कुणी हाय का घरात?" आणि तुझ्या आईला पुस्तक धरता येत नव्हतं. मी माहेरी परभणीला शाळेत जात होते, वाचनात पुढं होते. लग्न होऊन पोखर्णीला आले तशी सासूबाईंनी सांगितलं, "सून किताब घेऊन बसली तर लोक म्हणतील, ह्यांच्या घरात कामधंदा न्हाई का." म्हणजे ज्याला लेकरू धरायची बंदी त्याला पुस्तकाची मुभा, आणि जिच्या कडेवर लेकरू तिला पुस्तकाची बंदी. ही वाटणी ज्यानं कुणी केली त्याचं तोंड मला एकदा बघायचं आहे.

पुस्तक आलं ते गोदीच्या बारशाला. सगळ्यांनी अंगडी-टोपडी आणली, माझ्या भावानं बार्शीहून चित्रांचं पुस्तक आणलं. आपल्या निजामाच्या मोगलाईत असलं मराठी पुस्तक बघायलाही मिळत नव्हतं. बायकांनी ते हातोहात फिरवलं आणि सासूबाईंनी उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. एका शेळीची गोष्ट. शेळी दारातून बाहेर पडते, विहिरीवर जाते, हरभऱ्यात शिरते, बोरीच्या काट्यात अडकते, घरचे शोधायला निघतात, आणि शेवटच्या पानावर शेळी घरी येते. एवढंच. त्या एवढ्याशा शेळीनं ह्या घरात काय काय करून ठेवलं!

पुढं दोन-तीन महिन्यांनी तुम्ही ते देव्हाऱ्यातून काढून हातात घेतलंत आणि उलटीकडून उघडलंत. मराठी अक्षरं तुम्ही घरी गिरवलेली, पण मदरशात सगळी पढाई उर्दूत, उजवीकडून डावीकडं; किताब त्या बाजूनं उघडायचं तुमच्या हाताला वळणच पडलं होतं; आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान ते तुमचं पहिलं. मी पदराआड हसले. तुम्ही चपापलात आणि म्हणालात, "आरं, शेळी तर आधीच घरी आली की!" गोदी तेव्हा चार दिवसांपूर्वी मान धरायला लागलेली. तुमच्या आवाजानं तिनं डोळे मोठे केले आणि हसली. झालं. त्या दिवसापासून चूक राहिली बाजूला आणि तो तुमचा खेळ झाला. रोज आधी उलटं उघडायचं, "आरं आरं" करायचं, तिला हसवायचं, मग पुस्तक फिरवायचं. पुढं ती फिरवूच देईना. तिची गोष्ट सुरू व्हायची ती शेळी घरी आली तिथून, आणि संपायची शेळी दारातून निघून जाते तिथं. मी म्हणाले, पोरीला उलटी सवय लागतेय. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. शेळी घरी येणार हाय हे आधी ठावं असलं की हरवली तरी लेकराला भ्या वाटत न्हाई."

तुमच्या तोंडून अशी वाक्यं सहज पडायची आणि तुम्ही लगेच चारा टाकायला उठायचात. मला तुमचा राग यायचा तो त्यासाठीसुद्धा. 

वाचायची जागा गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीपाशी. मामंजी नरसिंहाच्या आरतीला गेले की तुम्ही तिथं. मी गोदीला आणून मांडीवर द्यायची आणि शेण काढायचं निमित्त करून तिथंच घुटमळायची. तुम्ही बोट ओळीखालून न्यायचात, गोदी त्या बोटाकडे बघायची, आणि मी दोघांकडे. लग्नानंतर माझी अक्षरं गंजून गेली होती. तुमच्या बोटामागून ती एकेक परत आली. तुम्ही शिकवत होता तिला आणि शिकत होते मी, हे तुम्हाला कळलं होतं. एका संध्याकाळी तुम्ही काट्याच्या पानावर मुद्दाम थांबलात आणि म्हणालात, "म्होरचं तू वाच, माझा घसा बसलाय." घसा चांगला होता. मी वाचलं. शेणाचे हात पाठीमागं धरून वाचलं. गोदीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे, जणू शेळी दोघांच्या तोंडून कशी बोलते हे तिला नवल वाटलं. त्या संध्याकाळसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. हे तोंडावर सांगायचं राहिलं.

सासूबाई सगळं बघून न बघितल्यासारखं करायच्या. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. "काय करायलास रे? त्या जिवाला काय कळायलंय? धड बसता येईना तिला."

तुम्ही म्हणालात, "माय, तू तिला न्हाऊ घालताना बोलतीस का न्हाई?"

"बोलंन न्हाई तर काय मुक्यानं न्हाऊ घालू?"

"मग तिला कळतंय म्हणून बोलतीस व्हय? तू बोलतीस म्हणून तिला कळंल. ह्ये बी तसंच हाय."

"बोलणं येगळं. किताब येगळी."

"किताबीत बी कुणाचं तरी बोलणंच हाय, माय."

 तेवढ्यात गोदीनं पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला आणि चघळून लाळेनं भिजवला. सासूबाई ओरडल्या, "उष्टं केलं! आता देव्हाऱ्यात कसं ठिवू?" त्या दिवसापासून पुस्तक देवाघरातून सुटलं आणि गोदीच्या पाळण्यात आलं. देवाला उष्टं चालत नाही ही रीत तेवढी एकदा आपल्या कामाला आली.

मामंजींना कुणीतरी सांगितलं. त्यांनी तुम्हाला बोलावलं नाही, आरडाओरडा केला नाही. ओसरीवर चार माणसं असताना मोठ्यानं म्हणाले, "एवढा पढवला, तहसिलीत बसंल म्हणून. आन ह्यो गोठ्यामागं शेळी वाचायलाय." ती चार माणसं पोट धरून हसली. तुम्ही समोरच्या भिंतीला दोर वळत उभे होतात. तुमचे हात थांबले नाहीत. मी आत तवा आपटला.

बिरू धनगर एकटाच हसला नाही. तो मेंढरं घेऊन शेताच्या बांधाला आला होता, त्याचं पोर गोदीएवढंच. तुम्ही त्याला पुस्तक दाखवलंत. तो म्हणाला, "आमाला कुटं येतंय वाचाया, दादा." तुम्ही म्हणालात, "चितर तर दिसतंय ना? मग चितर बघून बोल. पोराला मांडीवर घे, पान उलट, आन तोंडाला येईल ते बोल." एका दुपारपुरतं पुस्तक त्याच्या पालावर गेलं. दुसऱ्या दिवशी तो धावत आला. "दादा, माझं पोर चितराला बघून में में करायलंय! खरी मेंढरं दावणीला, त्यांच्याकडं बघंना!" तुमचा चेहरा असा फुलला की मला बिरूचाच हेवा वाटला. आपली गोदीसुद्धा "आई" म्हणायच्या आधी "में" म्हणाली. त्याचाही मी राग धरला होता. हसू नका.

पण बिरूला "मांडीवर घे" म्हणून सांगायला तुमची जीभ केवढी चालली! आणि स्वतः?

गोदी रांगायला लागली तेव्हाची सकाळ मी तुम्हाला विसरू देणार नाही. मामंजी ओसरीवर बाजेवर, तुम्ही खाली चवड्यावर बसून त्यांच्याशी पेरणीचं बोलत. गोदी आतून निघाली, पुस्तक एका हातानं ओढत, उंबरा पोटानं ओलांडला आणि सरळ तुमच्यापाशी आली. पुस्तक तुमच्या पायावर ठेवलं. आपल्या बाजूनं, उलटं उघडलं. आणि तोंड वर करून "आरं आरं" म्हणाली. तुमचा शब्द. बारक्या तोंडून निघालेला तुमचा शब्द. दगडाला पाझर फुटला असता. तुम्ही मामंजींकडे बघितलंत, धोतर झटकलंत, उठलात आणि विहिरीकडे निघून गेलात. ती तिथं बसून राहिली. रडली नाही. पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि दाराकडे बघत राहिली.

त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, एकदा उचला. एकदा, सगळ्यांदेखत. काय होईल? घर पडेल? तुम्ही म्हणालात, "वडील हायत तवर तरी न्हाई जमणार. त्यांची इज्जत हाय." मी म्हणाले, आणि तिची? तुम्ही म्हणालात, "थांब जरा. दिवस सारखे न्हाईत." मी विचारलं, तुमचे दिवस येतील तोवर ती मांडीत मावणार आहे का?  तुमच्या सगळ्या शहाणपणाला तिथं कुलूप लागायचं. गावातल्या बापांना सांगत फिरत होता, लेकराशी बोला, लेकराला वाचून दाखवा, आणि आपल्या ओसरीवर मुके. तो वाद अजून माझ्या बाजूनं संपलेला नाही.

मग तुम्हाला ताप आला. "उद्या उतरंल," मामंजी म्हणाले. अंगारा लावला, काढा दिला. मी सासूबाईंच्या पाया पडले की गाडी जुंपा, परभणीला डॉक्टर आहे. "उद्या उतरंल." असे किती उद्या गेले ते मला मोजायचे नाहीत. गाडी जुंपली तेव्हा तुम्ही माणसं ओळखत नव्हता.

त्याच्या आदल्या दुपारी ओळखत होता. मी गोदीला तुमच्या अंथरुणापाशी बसवलं. तिनं पुस्तक आणलं होतंच. तुम्ही डोळे उघडले. तिला बघितलं, हसलात, ओठ हलले. "आरं" एवढं मला कळलं. तुम्ही हात उचललात. तो हात तिच्या डोक्याकडे निघाला होता, मी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात दारात सावली पडली. मामंजी आत आले. आणि तुम्ही हात मागं घेतलात.

अंगात ताप मावत नव्हता, पाण्याचा पेला उचलायचं बळ नव्हतं, पण हात मागं घ्यायचं बळ होतं. मी रात्रंदिवस तेवढंच बघते आहे. लोक म्हणतात, विधवेनं देवाला दोष देऊ नये. मी देवाला दोष देत नाही. मी त्या हाताला देते. तो माझ्या गोदीचा हात होता. तिच्या वाट्याचा तेवढाच राहिला होता आणि तुम्ही तो तुमच्या वडिलांना देऊन टाकलात.

तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी ऊर बडवून जे सांगितलं ते ऐकायला तुम्ही हवे होता. "किताब शेवटाकडून उघडायचा माझा लेक. शेवट आधी आला." म्हणजे ताप किताबीनं आणला! उर्दू शाळेत घातलं तुमच्या आईबापांनी, त्या बाजूनं उघडायचं वळण लागलं तिथं, डॉक्टरला उशीर केला त्यांनीच, आणि गुन्हेगार कोण, तर शेळी. आजूबाजूच्या बायकांनी लगेच च्च केलं. दहाव्याला तुमचं धोतर, पागोटं, घोंगडी यांचं गाठोडं द्यायला बांधलं, त्यात पुस्तकही टाकलं. मी सगळ्यांसमोर गाठोडं सोडलं आणि पुस्तक काढून घेतलं. बायका म्हणाल्या, हिला दुःखानं भ्रम झाला. होऊ दे. भ्रम झालेल्या बाईच्या हातातून पुस्तक ओढायची कुणाची छाती झाली नाही.

काल दुपारी मी ओसरीवर येऊन बसले. नवऱ्याला जाऊन महिना झाला नाही अशी बाई, उघड्या कपाळानं, सासऱ्यासमोर, मांडीवर लेकरू आणि हातात पुस्तक. मामंजी बाजेवर होते. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "आत जा म्हणावं." मी हलले नाही. गोदीनं पुस्तक आपल्या बाजूनं उघडलं आणि मी तिथूनच वाचायला सुरुवात केली. शेळी घरी आली. मोठ्यानं वाचलं. रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबून बघावं इतकं मोठ्यानं.

"ह्या घरात असं कवा झालं न्हाई," मामंजी म्हणाले.

लग्नापासून मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. काल बोलले. मी म्हणाले, "यांनी हिला तुमच्यादेखत एकदासुद्धा उचललं नाही. मरतानासुद्धा नाही. तुम्ही दारात आलात म्हणून हात मागं घेतला."

भिंतीकडचं तोंड त्यांनी गोदीकडे वळवलं. मग म्हणाले, "म्या तरी त्याला कवा उचलला व्हता. माझे वडील व्हते घरात." पागोट्याचा पदर डोळ्यांवर ओढला. "उचलला त्यो परवाच. खांद्यावर."

तुम्ही असता तर लगेच त्यांच्या पायाशी बसला असता. मला वाटलं होतं, मला रडू येईल. रडू आलं नाही. उलट संताप दुप्पट झाला. एका म्हाताऱ्याला ठाऊक होतं, रिकामे हात कसे असतात ते. पुरतं ठाऊक होतं. आणि तरी त्यानं तीच रिकामी ओंजळ आपल्या पोराला दिली.

गोदीला आमच्या बोलण्यात रस नव्हता. ती मांडीवरून उतरली, पुस्तक ओढत बाजेपाशी गेली, बाजेच्या माचव्याला धरून उभी राहिली आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "वाच."

"मला कुटं येतंय, माय," मामंजी म्हणाले.

"चित्र बघून बोला," मी म्हणाले. "तुमच्या पोरानं बिरूला तेच सांगितलं होतं." आवाज मऊ केला नाही.

त्यांनी पुस्तक दूर धरलं, जवळ आणलं. "शेळी," म्हणाले. गोदी वाट बघत राहिली. "शेळी... घरी हाय." तिनं पान उलटलं. "लोक हुडकायलेत तिला." पान. "काट्यात गुतली बघ." त्यांचा आवाज फाटायला लागला, पण गोदीला कुठं ठाऊक, ती पान उलटत राहिली. शेवटी शेळी दारातून बाहेर पडते ते पान आलं. तिथं मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गोदीनं थोडा वेळ बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "गेली." मग पुस्तक फिरवलं, पुन्हा घरी आलेली शेळी काढली आणि तुमच्यासारखं म्हणाली, "आरं आरं."

मामंजींनी तिला उचलून जवळ घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांचा एक हात पुस्तकावर होता, एक तिच्या पाठीवर. मी तो पाठीवरचा हात बघत उभी होते. तो ठेवायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. तुम्हाला विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं ते ह्यांनाच. तुम्ही विचारलं का नाही?